हृदयविकार, सुप्त दाह आणि जवस : पूरक आहाराचे दावे कसे पारखावेत?

विदर्भातील धानपट्ट्यात भात कापणीस येण्याच्या सुमारास उभ्या पिकातील ओलीवर जवस फोकून देण्याची उतेरा पद्धत जुनी आहे. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर आणि नागपूर या जिल्ह्यांत जवस हे तेलाचे, चटणीचे आणि ढेपेचे पीक म्हणून पिढ्यान्‌पिढ्या ओळखीचे आहे. मधल्या काळात सोयाबीन, हरभरा आणि गव्हापुढे त्याचे क्षेत्र आकसत गेले. अलीकडे मात्र हेच जवस शहरांतील दुकानांत वेगळ्या रूपाने दिसू लागले आहे. 'हृदयासाठी', 'दाहशामक', 'ओमेगा-३ ने समृद्ध' अशी वर्णने असलेल्या बाटल्या, कॅप्सूल आणि भुकटीच्या डब्यांची मागणी वाढत आहे. त्यांच्या शेजारीच माशाच्या तेलाच्या आणि हळदीच्या अर्काच्या कॅप्सूलही मांडलेल्या असतात.

त्यामुळे कृषी विस्तार कार्यकर्त्यांपुढे दोन प्रकारचे प्रश्न येतात. जवस उत्पादक विचारतात की, आरोग्याच्या नावाने या पिकाला बाजार मिळेल काय? आणि त्याच गावातील रक्तदाब किंवा हृदयविकाराचे रुग्ण विचारतात की, जवस किंवा कॅप्सूल सुरू केल्यास डॉक्टरांची गोळी बंद करता येईल काय? पहिल्या प्रश्नाचे उत्तर काही अटींवर होकारार्थी आहे. दुसऱ्याचे उत्तर स्पष्ट नकारार्थी आहे. ही दोन्ही उत्तरे कशाच्या आधारे द्यावयाची, हे समजून घेण्यासाठी दाह म्हणजे काय, पूरक पदार्थांच्या चाचण्यांतून काय निष्पन्न झाले आणि जवसात नेमके काय आहे, याचा क्रमाने विचार करणे आवश्यक आहे.

दाह म्हणजे काय?

काटा रुतला की त्या जागी लाली, सूज, उष्णता आणि वेदना येते. जंतूंशी लढण्यासाठी आणि जखम भरून काढण्यासाठी शरीराने केलेली ही तात्पुरती व्यवस्था असते. काम संपले की ती आवरली जाते. सुप्त दाह याहून निराळा असतो. तो बाहेरून दिसत नाही, दुखत नाही आणि वर्षानुवर्षे मंदपणे चालू राहतो. पोटावरील चरबी, तंबाखू, अनियंत्रित मधुमेह, हिरड्यांचे जुने विकार आणि हवेतील धूर ही त्याची प्रमुख कारणे होत.

हृदयाला रक्त पुरविणाऱ्या धमन्यांच्या आतील अस्तराला उच्च रक्तदाब, धूम्रपान किंवा वाढलेली साखर यांमुळे इजा होते. रक्तातील एलडीएल कोलेस्टेरॉलचे कण त्या अस्तराखाली शिरून साचतात आणि तेथे त्यांचे ऑक्सिडीकरण होते. त्यांना गिळण्यासाठी पांढऱ्या पेशी येतात. त्या स्वतःच मेदाने भरून फुगतात आणि आणखी पेशींना बोलावणारी द्रव्ये सोडतात. अशा रीतीने धमनीच्या भिंतीत मेदाचा थर तयार होतो. या थरावरील आवरण दाहामुळे कमकुवत होऊन फाटले, तर त्या जागी रक्ताची गुठळी बनते आणि हृदयविकाराचा झटका येतो. म्हणजे कोलेस्टेरॉल हे इंधन मानले, तर दाह हा त्यावरचा वारा होय. दोहोंपैकी एकाकडेच पाहून चालत नाही.

हा दाह मोजण्यासाठी रक्तातील सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन अर्थात सीआरपी हा घटक तपासतात. तो यकृतात तयार होतो. हृदयविकाराच्या जोखमीसाठी जी अतिसंवेदनशील तपासणी करतात, तीत प्रतिलिटर १ मिलिग्रॅमपेक्षा कमी पातळी ही कमी जोखमीची, १ ते ३ ही मध्यम आणि ३ पेक्षा अधिक ही जास्त जोखमीची समजली जाते. मात्र सर्दी, ताप, दाताचा गळू, अंगावरची जखम अशा कोणत्याही कारणाने सीआरपी वाढतो. म्हणून आजारपणात केलेल्या एका तपासणीवरून हृदयाबाबत निष्कर्ष काढू नये.

येथे एक सूक्ष्म मुद्दा लक्षात ठेवावा लागतो. सीआरपी हा दाहाचा निदर्शक आहे. तो स्वतः हृदयविकार घडवून आणतो, असे आनुवंशिक अभ्यासांत आढळलेले नाही. धूर दिसला म्हणजे कोठेतरी आग आहे एवढे कळते; धुराडे बुजवून आग विझत नाही. 'आमच्या उत्पादनाने सीआरपी कमी होतो' एवढ्या विधानावरून 'हृदयविकार टळतो' असे सिद्ध होत नाही, ते यामुळेच.

दाह कमी केल्याने हृदयविकार टळतो काय?

या प्रश्नाचे थेट उत्तर मिळविण्यासाठी मोठ्या चाचण्या झाल्या. अशा चाचणीची रचना शेतीतील प्रयोगासारखीच असते. नवे वाण किंवा खत पारखताना यादृच्छिक पद्धतीने वाफे पाडतात, तुलनेसाठी नियंत्रण वाफा ठेवतात आणि पुनरावृत्त्या घेतात. वैद्यकीय चाचणीतही हजारो व्यक्तींची यादृच्छिक विभागणी करून एका गटाला औषध आणि दुसऱ्याला तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी देतात. कोणाला काय मिळाले, हे रुग्णाला आणि डॉक्टरांना सांगितले जात नाही.

२०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'कँटोस' चाचणीत पूर्वी झटका येऊन गेलेल्या आणि सीआरपी वाढलेल्या १०,०६१ रुग्णांचा समावेश होता. केवळ दाहाच्या साखळीतील एक दुवा रोखणारे कॅनाकिनुमॅब हे इंजेक्शन १५० मिलिग्रॅम मात्रेत दिले असता पुढील हृदयघटना सुमारे १५ टक्क्यांनी कमी झाल्या. या औषधाने एलडीएल कोलेस्टेरॉल घटले नव्हते. त्यामुळे दाहाचा हृदयविकाराशी कार्यकारणसंबंध आहे, याला बळकटी मिळाली. परंतु त्याच चाचणीत जीवघेण्या जंतुसंसर्गाचे प्रमाण किंचित वाढले. दाह ही शरीराची संरक्षक यंत्रणा असल्याने ती दाबण्याची किंमतही मोजावी लागते.

२०१९ मधील दोन चाचण्यांचे निष्कर्ष परस्परांहून वेगळे होते. झटक्यानंतरच्या ४,७४५ रुग्णांवरील 'कोलकॉट' चाचणीत कोल्चिसिन या जुन्या औषधाची अल्प मात्रा उपयुक्त ठरली. तर 'सर्ट' चाचणीत मेथोट्रेक्सेट या दाहरोधक औषधाचा काहीच लाभ दिसला नाही. पुढे २०२४ मध्ये कोल्चिसिनच्याच आणखी एका मोठ्या चाचणीत फायदा आढळला नाही. कठोर नियंत्रणाखाली तयार झालेल्या औषधांच्या बाबतीत ही स्थिती आहे. 'दाहशामक' एवढा एकच शब्द छापलेल्या डब्याकडून किती अपेक्षा ठेवावी, हे त्यावरून उमगावे.

माशाच्या तेलाच्या कॅप्सूलची कहाणी

ओमेगा-३ मेदाम्लांचे तीन प्रकार आहारात महत्त्वाचे आहेत. वनस्पतींत अल्फा-लिनोलेनिक आम्ल (एएलए) असते. इपीए आणि डीएचए ही दोन मेदाम्ले प्रामुख्याने समुद्री मासे आणि शेवाळ यांत असतात. बांगडा, तारली यांसारखे तेलकट मासे हे कोकणातील त्यांचे सहज उपलब्ध स्रोत आहेत.

१९८९ मध्ये वेल्समधील २,०३३ पुरुष हृदयरुग्णांवरील अभ्यासात तेलकट मासे खाण्याचा सल्ला मिळालेल्या गटात दोन वर्षांतील मृत्यू २९ टक्क्यांनी कमी आढळले. १९९९ मध्ये इटलीतील ११ हजारांहून अधिक रुग्णांच्या चाचणीतही ओमेगा-३ कॅप्सूलचा फायदा दिसला आणि जगभर या कॅप्सूलचा प्रसार झाला. तथापि, पुढील काळात स्टॅटिनसारखी प्रभावी औषधे सर्रास मिळू लागल्यावर चित्र पालटले. मधुमेहाच्या १५,४८० रुग्णांवरील 'असेंड' चाचणीत (२०१८) आणि अमेरिकेतील २५,८७१ सर्वसामान्य प्रौढांवरील 'व्हायटल' चाचणीत (२०१९) रोज सुमारे १ ग्रॅमची कॅप्सूल घेऊनही प्रमुख हृदयघटनांत लक्षणीय घट झाली नाही. 'व्हायटल'मध्ये ड जीवनसत्त्वाच्या गोळीचीही परीक्षा झाली. तिनेही हृदयविकार टळला नाही.

याला एक अपवाद चर्चेत राहिला. 'रिड्यूस-इट' चाचणीत (२०१९) ट्रायग्लिसराइड वाढलेल्या ८,१७९ रुग्णांना शुद्ध इपीएपासून बनविलेले औषध रोज ४ ग्रॅम दिल्यावर हृदयघटना २५ टक्क्यांनी घटल्या. मात्र त्यात तुलनेच्या गटाला खनिज तेल दिले होते आणि त्या गटातील एलडीएल व सीआरपी वाढले. म्हणजे नियंत्रण वाफाच निकृष्ट असावा, अशी शंका तज्ज्ञांनी उपस्थित केली. इपीए व डीएचए एकत्रितपणे ४ ग्रॅम देणाऱ्या 'स्ट्रेंग्थ' चाचणीत (२०२०) १३,०७८ रुग्णांत लाभ दिसला नाही आणि ती मुदतीपूर्वी थांबविण्यात आली. मोठ्या मात्रेने हृदयाची लय बिघडण्याचा, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशनचा धोका वाढतो, हेही या चाचण्यांत दिसून आले.

या ठिकाणी साधा हिशेब उपयोगी पडतो. बाजारातील नेहमीच्या १,००० मिलिग्रॅमच्या कॅप्सूलमध्ये इपीए आणि डीएचए मिळून बहुधा ३०० मिलिग्रॅमच असते. उरलेले इतर मेद असतात. चाचणीतील ४ ग्रॅमची मात्रा गाठायची तर अशा सुमारे १३ कॅप्सूल लागतील. असे करणे निरर्थक तर आहेच, शिवाय घातकही आहे. वेष्टनाच्या दर्शनी बाजूवरचा मोठा आकडा न पाहता मागील बाजूस इपीए व डीएचए यांचे वेगवेगळे दिलेले प्रमाण पाहावे, हा यातला धडा आहे.

जवसात काय आहे?

जवसाच्या १०० ग्रॅम दाण्यांत साधारणपणे ४२ ग्रॅम मेद, १८ ग्रॅम प्रथिने आणि २७ ग्रॅम तंतू असतात. मेदापैकी निम्म्याहून अधिक भाग एएलए असतो. सुमारे ७ ग्रॅम, म्हणजे एक मोठा चमचा जवसाच्या पुडीतून साधारण १.६ ग्रॅम एएलए मिळते. अमेरिकेतील आहारमानकांनुसार पुरुषांची दैनंदिन गरज १.६ ग्रॅम आणि स्त्रियांची १.१ ग्रॅम मानली आहे. म्हणजे एका चमच्यात ती भागते. ५०० मिलिग्रॅमच्या जवस तेलाच्या कॅप्सूलमधून मात्र साधारण २५० मिलिग्रॅम एएलए मिळते. एका चमचा पुडीची बरोबरी करण्यास अशा सहा-सात कॅप्सूल लागतात आणि तरीही पुडीतील तंतू, प्रथिने व लिग्नॅन त्यांतून मिळत नाहीत.

जवसाची मर्यादाही तितकीच स्पष्ट सांगितली पाहिजे. शरीरात एएलएचे इपीएमध्ये रूपांतर होते, पण ते सुमारे ५ ते १० टक्केच. डीएचएपर्यंत तर त्याहूनही कमी पोहोचते. म्हणून एक चमचा जवसातून इपीएच्या रूपाने फार तर ०.१ ते ०.१५ ग्रॅम एवढीच भर पडते. जवस हे माशाच्या तेलाची हुबेहूब जागा घेते, ही जाहिरात शास्त्राला धरून नाही.

हृदयाच्या दृष्टीने जवसाचे दोन महत्त्वाचे अभ्यास आहेत. कॅनडात पायांच्या धमन्या अरुंद झालेल्या ११० रुग्णांवर चाचणी झाली. तिचे रक्तदाबाचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. रोज ३० ग्रॅम जवसाची पूड पावासारख्या पदार्थांतून दिली असता सहा महिन्यांनी तुलनेच्या गटापेक्षा वरचा रक्तदाब सुमारे १० आणि खालचा सुमारे ७ अंकांनी कमी आढळला. हा परिणाम लक्षणीय असला, तरी चाचणी लहान होती. झटके कमी झाले की नाही, हे ठरविण्याइतकी रुग्णसंख्या तीत नव्हती. दुसरीकडे, नेदरलँड्समध्ये पूर्वी झटका येऊन गेलेल्या ४,८३७ रुग्णांना सुमारे ४० महिने मार्गारीनमधून रोज २ ग्रॅम एएलए किंवा अल्प मात्रेत इपीए-डीएचए देण्यात आले. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत कोणत्याच प्रकाराने प्रमुख हृदयघटना लक्षणीयरीत्या कमी झाल्या नाहीत.

या दोन्हींचा एकत्रित अर्थ असा लावता येतो : अख्ख्या दाण्याची पूड आहाराचा भाग म्हणून रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल यांना काही अंशी साहाय्यक ठरू शकते, परंतु त्यातील एक मेदाम्ल वेगळे काढून दिले म्हणजे हृदयविकार टळतो, असे दिसत नाही. आहारातून मिळणारा फायदा हा बहुधा तंतू, प्रथिने, मेद आणि त्यांनी जागा घेतलेले तळकट पदार्थ या सर्वांचा मिळून असतो.

एक चमचा जवस, पण कशाबरोबर?

चंदीगडच्या सेक्टर ४३ मधील बसस्थानकातून ज्या पंजाब-हिमाचलकडे गाड्या सुटतात, त्या भागात हिवाळ्यात अळशीची पिन्नी आवडीने खातात. कणीक, तूप, गूळ किंवा साखर आणि जवसाची पूड यांचा तो लाडू असतो. कडाक्याच्या थंडीत अंगमेहनत करणाऱ्यांसाठी तो ऊर्जा देणारा पदार्थ आहे. मात्र बैठे काम करणाऱ्या मधुमेही व्यक्तीने 'हृदयासाठी' म्हणून रोज दोन पिन्न्या खाल्ल्या, तर जवसाच्या फायद्यापेक्षा तूप-साखरेचा भार अधिक होतो. विदर्भ-मराठवाड्यातील जवसाची चटणी या बाबतीत उजवी ठरते. तीत साखर नसते, लसूण-मिरचीबरोबर ती भाकरीशी खाल्ली जाते आणि प्रमाणही आपोआप चमचाभरच राहते. काळजी घ्यावयाची ती मिठाची. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार दिवसभरातील मीठ ५ ग्रॅमपेक्षा कमी असावे. लोणचे, पापड आणि खारट चटणी मिळून ही मर्यादा सहज ओलांडली जाते. म्हणून रक्तदाबाच्या रुग्णाच्या घरी जवसाची चटणी अल्प मिठाची करावी.

वापराबाबत पुढील बाबी ध्यानात ठेवाव्यात.

१. अख्खा दाणा बहुतांशी न पचता बाहेर पडतो. म्हणून जवस हलके भाजून कुटून किंवा वाटून खावे. करपेपर्यंत भाजू नये.

२. कच्च्या जवसात सायनाइडजन्य ग्लायकोसाइड असतात. भाजल्याने त्यांचे प्रमाण घटते. रोज एक ते दोन चमचे भाजलेली पूड निरोगी प्रौढास पुरेशी आहे.

३. एएलए हवेत लवकर खवट होते. पूड आठ-पंधरा दिवसांत संपेल एवढीच करावी आणि घट्ट झाकणाच्या डब्यात, थंड व अंधाऱ्या जागी ठेवावी. खवट वास आलेली पूड टाकून द्यावी.

४. जवसाच्या तेलात तळण करू नये. भाकरीवर किंवा चटणीत कच्चे तेल घेणे योग्य.

५. रंगकामासाठी मिळणारे उकळलेले जवस तेल कदापि खाऊ नये. ते लवकर वाळावे म्हणून त्यात धातूंची संयुगे मिसळलेली असतात.

६. तंतू पाणी शोषून फुगतात. सोबत भरपूर पाणी प्यावे. औषधाची गोळी आणि जवस यांत एक-दोन तासांचे अंतर ठेवावे.

७. रक्त पातळ करणारी औषधे घेणारे, गर्भवती, आतड्यांत अडथळ्याचा त्रास असणारे आणि शस्त्रक्रियेच्या प्रतीक्षेतील रुग्ण यांनी डॉक्टरांना विचारूनच नियमित सेवन करावे.

हळदीच्या कॅप्सूलचे काय?

सांगलीची हळद आणि वर्धा जिल्ह्यातील समुद्रपूर तालुक्यातील वायगावची हळद भौगोलिक मानांकनप्राप्त आहेत. हळदीतील करक्युमिनमुळे सीआरपी घटल्याचे अनेक लहान अभ्यासांत आढळले आहे. पण हृदयविकाराचे झटके कमी झाल्याचे दाखविणारी मोठी चाचणी झालेली नाही. करक्युमिन आतड्यांतून फारच थोडे शोषले जाते. ते वाढविण्यासाठी कॅप्सूलमध्ये मिऱ्यातील पायपेरीन घालतात. १९९८ मध्ये बंगळूरच्या संशोधकांनी त्यामुळे शोषण सुमारे २० पटींनी वाढत असल्याचे दाखविले होते. परंतु अशा अतिशोषित, मोठ्या मात्रेच्या उत्पादनांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी इटली व अमेरिकेतून आल्या आहेत. भाजी-वरणातील चिमूटभर हळद आणि अर्काची कॅप्सूल यांना एकाच मापाने मोजता येत नाही.

तेलबियांबाबत एक गैरसमज

करडई, सूर्यफूल यांसारख्या तेलांतील ओमेगा-६ मेदाम्लांमुळे दाह वाढतो, असा प्रचार अलीकडे होत असतो. लिनोलेइक आम्लाचे आहारातील प्रमाण वाढविल्याने रक्तातील दाहाचे निदर्शक वाढतात, असे मानवांवरील नियंत्रित चाचण्यांत आढळलेले नाही. त्यामुळे करडई उत्पादकांनी या प्रचाराने विचलित होण्याचे कारण नाही. या तेलांत एएलए जवळजवळ नसते, एवढे मात्र खरे. सोयाबीन तेलात ते सुमारे ७ टक्के आणि मोहरीच्या तेलात सुमारे १० टक्के असते. म्हणून तेल आलटूनपालटून वापरणे आणि एकूण तेल आटोक्यात ठेवणे, हा व्यवहार्य सल्ला आहे. वनस्पती तुपातून पूर्वी मिळणारी ट्रान्स मेदाम्ले मात्र हृदयासाठी निश्चित घातक आहेत. भारतात तेल आणि मेदांतील त्यांचे प्रमाण जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांच्या मर्यादेत आणले गेले आहे. एकच तेल वारंवार उकळून तळण करणे टाळलेच पाहिजे.

उत्पादकांसाठी संधी आणि मर्यादा

जवसावरील अखिल भारतीय समन्वित संशोधनाचे नागपूर केंद्र डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठांतर्गत कार्यरत आहे. एनएल-९७ आणि पीकेव्ही एनएल-२६० ही वाणे या केंद्राची देणगी होय. पुण्याच्या भारती विद्यापीठाच्या पुढाकाराने राष्ट्रीय कृषी नावीन्य प्रकल्पांतर्गत जवसाच्या मूल्यसाखळीवरही काम झाले असून ओमेगा-३ युक्त अंडी हा त्यातील उल्लेखनीय विषय आहे. कोंबडीच्या खाद्यात जवस मिसळले असता तिच्या शरीरात एएलएचे काही प्रमाणात डीएचएमध्ये रूपांतर होऊन ते अंड्याच्या बलकात उतरते. माणसाच्या शरीरात जे काम जेमतेम होते, ते येथे कोंबडी करते. मात्र खाद्यात जवसाचे प्रमाण फार वाढविल्यास वाढ खुंटते आणि अंड्याला माशासारखा वास येतो. म्हणून मात्रा पशुपोषण तज्ज्ञांकडून ठरवून घ्यावी.

वाणाची निवडही आता महत्त्वाची ठरते. ऑस्ट्रेलियात तळणासाठी योग्य, टिकाऊ तेल मिळावे म्हणून एएलए अत्यल्प असलेले जवस विकसित झाले. भारतातही भाभा अणुसंशोधन केंद्राने टीएल-९९ हे कमी एएलए असलेले वाण दिले आहे. खाद्यतेल म्हणून अशी वाणे उत्तम. पण 'ओमेगा-३' साठी विक्री करायची असेल तर ती उपयोगाची नाहीत. दाणा दिसायला सारखाच असल्याने बियाण्याची नोंद ठेवणे आणि प्रत्येक लॉटची मेदाम्ल तपासणी करून घेणे शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या हिताचे आहे.

वेष्टनावर काय छापावे, याबाबत विशेष दक्षता हवी. पूरक आहार व न्यूट्रास्युटिकल उत्पादनांसाठी भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचे २०१६ चे आणि जाहिरात व दाव्यांसाठी २०१८ चे विनियम आहेत. पूरक आहाराच्या लेबलवर ते औषधी वापरासाठी नसल्याचे नमूद करावे लागते. 'हृदयविकार बरा करते', 'रक्तदाब घालविते' अशी जाहिरात औषधे व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ च्या कक्षेत येते. या कायद्याच्या अनुसूचीत हृदयविकार आणि रक्तदाब यांचा समावेश आहे. बचत गटाने जवसाची चटणी विकताना 'भाजलेल्या जवसापासून तयार', तपासणी अहवालाप्रमाणे पोषणमूल्ये आणि उत्पादनाची व वापराची मुदत एवढे लिहिले तरी ग्राहकाचा विश्वास बसतो.

विस्तार कार्यकर्त्यांनी काय सांगावे?

दक्षिण आशियातील लोकांना पहिला झटका इतर देशांतील लोकांपेक्षा लवकर येतो. ५२ देशांतील 'इंटरहार्ट' अभ्यासात (२००४) दक्षिण आशियाई रुग्णांचे पहिल्या झटक्याच्या वेळचे मध्यम वय ५३ वर्षे, तर इतरांचे सुमारे ५९ वर्षे आढळले. शेतकरी कुटुंबात हे वय कर्त्या माणसाचे असते. त्या अभ्यासात समोर आलेली कारणे परिचितच आहेत : तंबाखू, बिघडलेले कोलेस्टेरॉल, उच्च रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मानसिक ताण, फळे-भाज्यांचा अभाव आणि व्यायामाचा अभाव. पूरक गोळ्यांची कमतरता त्यांत नव्हती.

म्हणून गावपातळीवरील सल्ल्याचा क्रमही तसाच असावा. प्रथम खर्रा, बिडी, तंबाखू सोडणे. पूर्व विदर्भात खर्ऱ्याचे व्यसन फोफावलेले असताना दाह कमी करण्यासाठी कॅप्सूल घेणे म्हणजे बांधाला भगदाड ठेवून विहिरीत पाणी ओतण्यासारखे आहे. दुसरे, तिशीनंतर रक्तदाब व साखरेची नियमित तपासणी. ती प्राथमिक आरोग्य केंद्रात करता येते. तिसरे, डॉक्टरांनी दिलेली रक्तदाबाची, कोलेस्टेरॉलची आणि मधुमेहाची औषधे न चुकता घेणे. बरे वाटते म्हणून ती बंद केल्यास धोका पुन्हा वाढतो. चौथे, ज्वारी-बाजरीची भाकरी, डाळी, पालेभाज्या, हंगामी फळे, मूठभर शेंगदाणे आणि शक्य तेथे आठवड्यातून दोनदा मासे असा आहार. चमचाभर जवसाची जागा या चौथ्या पायरीवर आहे.

एखादा शेतकरी नव्या कॅप्सूलची बाटली घेऊन आला, तर त्याला तीन प्रश्न विचारावेत. यात नेमका कोणता घटक किती आहे? त्याने झटके किंवा मृत्यू कमी झाले, की केवळ रक्तातील एखादा आकडा बदलला? आणि ती घेण्यासाठी कोणते औषध बंद केले आहे काय? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'होय' असे आले, तर त्याच दिवशी त्याला डॉक्टरांकडे पाठवावे. छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, घाम आणि धाप अशी लक्षणे असल्यास घरगुती उपायांत वेळ न घालवता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. झटक्याच्या उपचारात पहिले काही तास निर्णायक असतात.